भविष्यवाल्यांच्या साठ खुर्च्या

बॅनरचा डावा कोपरा चार बोटं खाली आला होता. खरं तर कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं, पण मी पडलो सोसायटीचा सेक्रेटरी. वाकडं दिसलं की सरळ करायला हात शिवशिवतात. पहिल्या रांगेतली एक खुर्ची ओढली आणि चढलो. खुर्ची घडीची होती. घडीच्या खुर्चीवर माणूस मधोमध उभा राहिला तर ती बिचारी सोसते. मी मागच्या कडेला उभा राहिलो. तिनं काही आवाज न करता स्वतःची घडी घातली. पडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि माझ्या हाताला बॅनर लागला. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता: उद्याचा उजेड’ हा सगळा उजेड दोन लाकडी पट्ट्यांसकट त्या दिवसाच्या पाहुण्यांच्या डोक्यावर जाऊन बसला आणि पाहुणे त्याच्याखाली दिसेनासे झाले.

मग कापडाच्या आतून आवाज आला, “काही हरकत नाही. मोठा बदल असाच येतो, अचानक.”

एवढ्यात मागच्या दारातून खुर्च्यांचे मालक धावत आले. मी जमिनीवर, ढोपर सोलवटलेलं. त्यांनी मला ओलांडलं, खुर्ची उचलली, उलटी केली, चारही पायांवरून हात फिरवला आणि बिजागरी कानाशी धरून हलवून पाहिली.

“वाचली,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “तुम्हाला फार लागलं का हो?”

पाहुणे कापडातून बाहेर आले. केस विस्कटलेले, चष्मा वाकडा, पण हसू जागच्या जागी. त्यांनी खुर्चीवाल्यांना विचारलं, “अशा किती खुर्च्या आहेत तुमच्याकडे?”

“अकराशे चाळीस.”

“भाड्यानंच देता?”

“विकल्या असत्या तर एवढ्या उरल्या असत्या का?”

अशी त्या दोघांची ओळख मी करून दिली. पुढे त्यापायी खुर्च्यांचं गोदाम जायची पाळी आली, तेव्हा खुर्चीवाल्यांच्या बायकोनं मला जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. पण त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. त्यानंतर काय काय झालं ते मला नवरा-बायकोंनी तुकड्यातुकड्यानं, एकमेकांचं बोलणं तोडत सांगितलं. जोडकाम तेवढं माझं.

खुर्चीवाल्यांना सगळा भाग बसाकाका म्हणतो. गोदामाच्या दारात कुणीही येवो, गिऱ्हाईक, पाहुणा, वीजमंडळाचा माणूस, त्यांचा पहिला शब्द “आधी बसा.” लोकांना वाटतं माणूस अगत्यशील आहे. अगत्य वगैरे काही नाही, ती परीक्षा असते. दाराशी सात तऱ्हेच्या सात खुर्च्या मांडलेल्या असतात आणि समोरचा कोणती निवडतो, कसा टेकतो, पिशवी मांडीवर घेतो की खाली ठेवतो, हे काका चष्म्याच्या वरून पाहत असतात. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची बूडं पाहण्यात गेली, असं काकू म्हणतात, आणि काका त्याला हरकत घेत नाहीत.

त्यांचं शास्त्र साधं आहे. तोंड काहीही बोलेल, बसणं खोटं बोलत नाही. पैसे बुडवणारा काठावर टेकतो, कारण उठून जायची त्याची तयारी झालेली असते. शोकसभेत खरं दुःख झालेला माणूस खुर्चीची पाठ घट्ट धरून बसतो आणि भाषण करणारा पाय लांब करून. लेकीसाठी स्थळं येत होती तेव्हा काकांनी पत्रिका, पगार, घर काही विचारलं नाही. एक मुलगा पूर्ण पाठ टेकून बसला, आणि निघताना खुर्ची उचलून जागेवर ठेवली. काका म्हणाले, हाच.

“आणि त्यानंतर आजतागायत त्यानं घरातली एक वस्तू उचलून जागेवर ठेवलेली नाही,” काकू म्हणतात.

धंदा सुरू झाला चाळीस लोखंडी खुर्च्यांवर. त्यातल्या एकतीस अजून कामावर जातात. प्रत्येक खुर्चीच्या पोटाशी रंगानं नंबर घातलेला आणि त्या नंबरची ओळ काकूंच्या वहीत. कुठे गेली, कधी आली, काय मोडून आली. गोदाम दोघांच्या नावावर, आणि त्यावर एका पैचं कर्ज नाही. म्हातारपणी काय कराल असं कुणी विचारलं की काकू गोदामाकडे बोट दाखवतात. पेन्शन म्हणा, मुलगा म्हणा, सगळं तेच.

बॅनर पडल्याला आठवडा झाला नसेल, तर पाहुण्यांच्या कंपनीतून माणूस आला. साठ फिरत्या खुर्च्या हव्यात. काकांकडे फिरत्या बरोबर साठच होत्या. कुठल्याशा बुडालेल्या प्रवासी कंपनीकडून जुन्या घेतलेल्या. तीन महिन्यांचं भाडं वेळेवर आलं. काका खूश होते. कंपनीच्या मालकांना, म्हणजे बॅनरखालच्या त्या पाहुण्यांना, त्यांनी ‘भविष्यवाले’ असं नाव ठेवलं होतं, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्या शब्दावर येऊन थांबायचं. चहा आला तरी ते कपाकडे असे पाहायचे की पुढच्या दहा वर्षांत चहाचं काय होणार याची त्यांना चिंता आहे.

एके दिवशी भविष्यवाल्यांनी काकांना ऑफिस बघायला बोलावलं. आत एक थंडगार खोली, तिच्यात काळी कपाटं, कपाटांत असंख्य दिवे आणि गिरणीसारखी घरघर. बाहेर माणसं घामाघूम.

“माणसांना उकडतंय आणि कपाटांना गारवा?” काका म्हणाले.

“विचार ती करतात ना, काका. जगातला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर देतात.”

“बरं. मग एक प्रश्न तुम्हालाच विचारतो. एका उत्तराला खर्च किती येतो?”

“सगळं धरून दहा.”

“आणि गिऱ्हाइकाकडून घेता किती?”

“तीन. बऱ्याच जणांना फुकटच देतो.”

“वरचे सात?”

“ती गुंतवणूक.”

“गिऱ्हाइकं दुप्पट झाली म्हणजे?”

“तीच तर मजा आहे! म्हणजे आपली वाढ दुप्पट.”

“आणि तोटा?”

भविष्यवाल्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. लहान मुलानं पाहुण्यांसमोर नको ते विचारल्यावर बाप ठेवतो तसा. “काका, तोट्याकडे असं जवळून नाही बघायचं.”

काकांनी विषय बदलला. “कपाटं झकास आहेत. तुमचीच ना?”

“भाडेकरारावर. तीन वर्षांत नवी येतात, ही मग निकामी.”

“तीन वर्षांत? माझ्या खुर्चीचा रंगही उडत नाही हो तीन वर्षांत. आणि जागा?”

“भाड्याची.”

“दारातल्या त्या झाडांच्या कुंड्या?”

“त्या एक कुंड्यावाले आहेत, ते महिन्यावर देतात.”

“आणि खुर्च्या माझ्या. मग तुमचं स्वतःचं असं काय?”

“दृष्टी,” भविष्यवाले म्हणाले.

काकांनी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं. एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात रुतून बसली. एवढा वेळ झाला, भविष्यवाले बसलेच नव्हते. त्यांचं टेबल उंच होतं, छातीएवढं. बसून माणसाची बुद्धी गंजते म्हणे, म्हणून ते दिवसभर उभे. साठ खुर्च्या भाड्यानं घेणारा माणूस आणि स्वतः एकीवरही टेकत नाही. काकांचं सगळं शास्त्र तिथे लंगडं पडलं.

त्याच दिवशी भविष्यवाल्यांनी खरा बेत सांगितला. वरचा मजला घ्यायचा होता, तिथे चारशे खुर्च्या हव्या होत्या. नव्या, जाळीच्या पाठीच्या, मानेला टेकू असलेल्या. तीन वर्षांचा करार.

“माझ्याकडे नाहीत,” काका म्हणाले.

“घ्या की विकत. निम्मे पैसे आम्ही घालतो तुमच्या धंद्यात, भागीदार म्हणून. निम्म्यासाठी तुमचं गोदाम तारण ठेवा. खुर्च्या आल्या की आम्हालाच भाड्यानं द्या. भाडं निम्मं रोख, निम्मं आमच्या शेअर्समध्ये.”

काकांनी बोटं मोजली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. “म्हणजे पैसे तुमचे, ते माझ्याकडून जाणार खुर्च्यांच्या कारखान्यात, खुर्च्या येणार तुमच्याकडे, आणि त्यांचं भाडं तुम्ही देणार मला, तुम्हीच छापलेल्या कागदात?”

“बरोबर. कागदावर तुमची उलाढाल चौपट. ती बघून आमची किंमत वाढणार, म्हणून तुमच्या शेअर्सची किंमत वाढणार. काका, कपाटं बनवणारी कंपनी आमच्याशी हेच करते. ती आमच्यात पैसे घालते, त्या पैशांतून आम्ही तिचीच कपाटं भाड्यानं घेतो, तिचा धंदा वाढला म्हणून तिचा भाव वाढतो, मग ती आणखी पैसे घालते.”

“आणि या सगळ्यात बाहेरचं गिऱ्हाईक कुठे येतं?”

“तो पुढचा टप्पा.”

“आणि मी काय करायचं?”

“तुम्ही सही करायची.”

आता कुणालाही वाटेल की काका तिथूनच हात जोडून परतले असतील. तसं झालं नाही. कारण काकांच्या मनात एक जुनी हौस होती. बत्तीस वर्षं त्यांनी घडीच्या, प्लॅस्टिकच्या, पत्र्याच्या खुर्च्या उचलल्या. चांगल्या, नव्याकोऱ्या, फिरत्या खुर्च्यांचा ताफा आपल्या गोदामात असावा, दांडी ओढली की शिंकल्यासारखा आवाज करून खाली-वर व्हाव्यात, असं त्यांना फार वाटायचं. भविष्यवाल्यांनी खुर्च्यांचं एक गुळगुळीत माहितीपुस्तक दिलं होतं. काका ते आंघोळीला जाताना सोबत नेऊ लागले. काकूंनी ओळखलं की हे प्रकरण हाताबाहेर चाललंय.

जावई मात्र एका पायावर तयार. ते एका विमा कंपनीत नोकरीला आणि रविवारी सासऱ्यांना शहाणं करायला येत.

“बाबा, जग कुठे चाललंय बघा!”

“जाऊ दे. जेवायच्या वेळेला येईल परत.”

“थट्टा नको. अशी संधी पुन्हा दारात येत नाही. आज निम्मं भाडं शेअर्समध्ये घेतलं की पाच वर्षांत गोदामाच्या जागी इमारत उभी राहील.”

“आणि नाही राहिली तर?” काकूंनी विचारलं.

“नाही राहिली तर... आई, तुम्ही नेहमी उलटाच विचार करता.”

“उलटा नाही हो, जावईबापू. तारणाचा कागद आहे, तो खालून वर वाचायचा असतो. गोदाम त्यांच्या घशात गेलं तर आम्ही दोघांनी म्हातारपणी बसायचं कुठे? तुमच्या सोफ्यावर?”

जावयांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो रिकामा आहे हे कळल्यावरही बराच वेळ काढला नाही.

काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कंपनीनं ओळख म्हणून त्यांच्या फोनवर ते उत्तर देणारं यंत्र वर्षभर फुकट दिलं होतं. यंत्राबद्दल काकूंची काही तक्रार नव्हती, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. भाडं थकवणाऱ्यांना त्या त्याच्याकडून पत्रं लिहून घ्यायच्या, आणि ती इतकी गोड असायची की एकानं लाजून दोन महिन्यांचं भाडं एकदम आणून दिलं. तर काकूंनी सगळा करार त्या यंत्राला वाचून दाखवला आणि विचारलं, आम्ही सही करावी का रे बाबा? यंत्रानं सात मुद्दे काढून, अतिशय नम्रपणे, करू नये असं सांगितलं.

काकूंनी फोन नेऊन भविष्यवाल्यांसमोर धरला. त्यांनी वाचलं. चेहरा जरा आंबला, पण क्षणभरच.

“काकू, ते चुका करू शकतं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघा.”

“मग हे विकता काय तुम्ही?”

“भविष्यात नाही करणार चुका.”

एवढं होऊनही काका डळमळीतच. आपलं शास्त्र अर्धंच लागलंय, असं त्यांना वाटत होतं. यंत्राचं ऐकून नाही म्हणावं तर त्यात आपलं काय? जावयाचं ऐकून हो म्हणावं तर काकूंचं तोंड कसं पाहावं? सहीचा दिवस ठरला. साक्षीदार म्हणून मला सांगितलं, कारण या सगळ्याची सुरुवात माझ्या पडण्यानं झाली असं काकूंचं मत होतं आणि ते मी निस्तरावं असा त्यांचा आग्रह होता.

सहीच्या आदल्या दिवशी काका एकटेच भविष्यवाल्यांच्या ऑफिसात गेले. दर सहा महिन्यांनी भाड्याच्या खुर्च्यांची पाहणी करायची, हा त्यांचा रिवाज. कुणाची चाकं गुंत्यानं भरलीत, कुणाचा स्पंज दबलाय, कुणी खुर्चीवर चढून नाचलंय, ते पाहायचं आणि वहीत टिपायचं. हातात तेलाची कुपी, खिशात चिमटा, खांद्यावर फडकं. जेवणाची सुट्टी होती, माणसं उठून गेली होती, खुर्च्या रिकाम्या.

पहिली खुर्ची उलटी केली. चाकात केस, दोऱ्याचे तुकडे. ठीक. दुसरी ठीक. पाचव्या-सहाव्या खुर्चीशी काका थबकले. मागे वळून पहिली पुन्हा पाहिली. मग सरळ एका टोकाला जाऊन, गुडघ्यावर हात ठेवून, वाकून सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. सगळ्या खुर्च्यांच्या बैठका एका रेषेत होत्या. सुतानं आखल्यासारख्या.

हे दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, आणि दिसलं असतं तरी तो म्हणाला असता, वा, काय शिस्त आहे! टेम्पोत जास्त मावाव्यात म्हणून काका फिरत्या खुर्च्या एकदम खालच्या उंचीवर आणून पाठवतात. नव्या जागी गेल्यावर ज्याची त्यानं दांडी ओढून आपल्या पायांच्या मापानं वर घ्यायची. बत्तीस वर्षांत एकही ऑफिस असं नव्हतं जिथे पहिल्या दोन दिवसांत खुर्च्या वर-खाली झाल्या नाहीत. बुटका दोन बोटं वर घेतो, ताडमाड वीतभर घेतो, साहेब सगळ्यात वर घेतो. इथे सहा महिने झाले होते आणि साठच्या साठ खुर्च्या गोदामातून निघाल्या त्याच उंचीवर होत्या.

माणसं परत येऊ लागली. काकांनी पाहिलं, एक उंच माणूस गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसला, टोळासारखा, आणि तसाच टाइप करू लागला.

कोपऱ्यात हिशेब बघणाऱ्या बाई बसल्या होत्या. मध्यम वयाच्या, नेटक्या. पर्स मांडीवर, तिचा पट्टा खांद्यालाच. टेबलावर ना फोटो, ना पाण्याची स्वतःची बाटली.

“बाई, पाठ दुखत नाही का अशी बसून? ही दांडी ओढा, वर येईल.”

“माहितीये हो,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशीच ओढणार होते. मग म्हटलं, बघू.”

“काय बघू?”

“पुढचे पैसे येतात का ते.” त्यांनी इकडे-तिकडे पाहून आवाज खाली आणला. “काका, बाहेरून नवे पैसे येतात त्या दिवशी इथला हिशेब जुळतो. दुसऱ्या दिवसापासून परत तोच खड्डा. मी काही घरून आणून ठेवत नाही इथे. उगीच परत न्यायचा त्रास.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचेही शहाणेच आहेत.”

काकांनी वहीत काहीच टिपलं नाही. तेलाची कुपी तशीच भरलेली परत आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे वरच्या रिकाम्या मजल्यावर जमलो. एक टेबल, भोवती काकांच्याच पाच खुर्च्या, दारात कुंड्यावाल्याची दोन झाडं. जावई नवा शर्ट घालून आले होते. काकू कापडी पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. पिशवीत गोदामाचे कागद. भविष्यवाले टेबलाशी उभे राहून बोलत होते. ते छान बोलतात. पाच मिनिटांत त्यांनी त्या ओसाड मजल्यावर चारशे माणसं बसवली, त्यांच्याकडून जगाचे सगळे रोग बरे करवून घेतले आणि पेन काढून काकांपुढे धरलं.

“आधी बसा,” काका म्हणाले.

“मी बसत नाही, काका. तुम्हाला ठाऊक आहे.”

“उभ्या माणसाबरोबर मी सही करत नाही. नेम आहे माझा.”

“बाबा, आता हे काय मध्येच?” जावई कुजबुजले. काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला असावा, कारण ते एकदम गप्प झाले.

भविष्यवाले हसले, म्हणाले, “बरं, तुमच्यासाठी,” आणि बसले. म्हणजे काय, तर खुर्चीच्या पुढच्या चार इंचांवर टेकले. टाचा उचललेल्या, तोंड दाराकडे, फोन हातात. खुर्ची खालच्या उंचीवर असल्यानं टेबल त्यांच्या गळ्यापाशी आलं. आपल्याच ऑफिसात तो एवढा मोठा माणूस एकाएकी शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात आणून सोडलेल्या मुलासारखा दिसायला लागला.

“दांडी आहे उजव्या हाताला,” काका मऊ आवाजात म्हणाले. “ओढा. उंची लावून घ्या, म्हणजे नीट टेकता येईल.”

“राहू द्या हो. दोन मिनिटांचं तर काम.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पिशवीची नाडी आवळली.

“दोन मिनिटांचं?” काका म्हणाले. “करार तीन वर्षांचा म्हणाला होतात.”

“म्हणजे सहीचं काम दोन मिनिटांचं, काका.”

“सही करायला बसलेला माणूस मी ओळखतो आणि नांदायला बसलेलाही ओळखतो. तुमच्याकडे साठ खुर्च्या आहेत. सहा महिन्यांत एकानं दांडीला हात लावला नाही. ज्यांना आतलं ठाऊक आहे ती तुमची माणसं दोन दिवसांच्या पाहुण्यासारखी टेकलीत, आणि मी माझं गोदाम घेऊन तीन वर्षांसाठी ऐसपैस बसू? खुर्च्या राहू देत. भाडं दर महिन्याचं आगाऊ, रोख. कागद नकोत.”

भविष्यवाले उठले. उभे राहिल्यावर ते पुन्हा मोठे झाले. “काका, गाडी सुटतेय तुमची.”

“सुटू दे. मी गाडीला बाकं पुरवतो. आत चढत नाही.”

जिना उतरताना जावई कुणाशी बोलत नव्हते. काकांच्या लेकीनं मला नंतर सांगितलं की ते घरीही पंधरा दिवस बोलत नव्हते, आणि तिला त्या पंधरा दिवसांचं फार सुख वाटलं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर काकांचा विजय म्हणून ती मला सभेत सांगता आली असती. पण व्यवहार सभेच्या सोयीनं चालत नाही. भविष्यवाल्यांना दोन महिन्यांत पूर्वीच्या तिप्पट पैसे मिळाले. कुणी दिले, कशाच्या जोरावर, ते देणाऱ्यांनाच ठाऊक. वरचा मजला सजला. चारशे खुर्च्या आल्या, जाळीच्या पाठीच्या, मानेला टेकू असलेल्या. त्या पुरवल्या कुंड्यावाल्यानं. त्यानं आपली रोपवाटिका तारण ठेवली, झाडांचा धंदा लेकाला दिला आणि आता तो झुळझुळीत सूट घालून फिरतो. त्याच्या खिशात शेअर्सचे कागद आहेत आणि तो भेटेल त्याला सांगतो की आपली उलाढाल पाचपट झाली. हातात काय आलं हे विचारलं की तो भविष्याबद्दल बोलू लागतो. रोग लागणीचा आहे.

जावयांना त्यामुळे पुन्हा कंठ फुटला. दर रविवारी ते एक नवा आकडा आणतात आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवतात. काका ऐकतात, चहा पितात. ते माहितीपुस्तक अजून गोदामाच्या फळीवर आहे आणि कधी कधी काका त्याचं पान उलटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चारशे खुर्च्यांची हौस माणसाच्या मनातून एका सहीनं जात नाही, आणि सही न केल्यानंही जात नाही.

मागल्या आठवड्यात मी हॉलसाठी शंभर खुर्च्या सांगायला गोदामात गेलो. काकू दारात बसून वहीत नंबर लावत होत्या. माझ्या खिशात वर्तमानपत्राचं एक पान होतं. भविष्यवाल्यांची जाहिरात आली होती: आता सामान्य माणसालाही आमच्या भविष्यात वाटा घेता येईल, कमीत कमी अमुक इतके शेअर. पानभर फोटो. भविष्यवाले उभेच. मी ती जाहिरात दोन दिवस खिशात घेऊन हिंडत होतो, आणि खरं सांगायचं तर बँकेतून माझी एक मुदत ठेव मोडायचा अर्जही आणून ठेवला होता.

“काका,” मी जमेल तितक्या सहजपणे म्हटलं, “तुम्ही सही केली नाहीत, ठीक केलंत. पण वर्ष होत आलं, कंपनी तर उभी आहे. मजले वाढतायत. एवढे मोठमोठे लोक पैसे घालतात ते काय सगळेच येडे? मला आपलं खरं खरं सांगा, हा धंदा टिकेल की नाही?”

काकांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशातून डोकावणाऱ्या त्या पानाकडे पाहिलं.

“टिकेल की, तुम्ही पैसे घालताय तोवर.”